खताच्या डब्याचा तळ आधी बघा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस जरा उघडला आणि मी सकाळी ओल्या कचऱ्याचं भांडं घेऊन बागेत गेले. कंपाउंडच्या भिंतीला टेकून ठेवलेला खताचा डबा एका बाजूला कलला होता. मागे वाकून बघितलं तर भिंत आणि डबा यांच्यामध्ये ताज्या मातीचा ढीग, आणि ढिगाशेजारी नारळ सहज आत जाईल एवढं बीळ. बिळाच्या तोंडाशी पपईची साल, अर्धं कुरतडलेलं मक्याचं कणीस आणि ओल्या खोबऱ्याची पाठ. डब्याचं झाकण मात्र जसंच्या तसं होतं, वरची कडीसुद्धा लागलेली. घूस झाकणाच्या वाटेला गेलीच नव्हती. ती खालून आली होती.

डबा तसा चांगला होता. जाड काळं प्लास्टिक, वर रुंद झाकण, खाली तयार खत काढायला छोटं दार. फक्त त्याला तळ नव्हता. हा बिनतळाचा आकार थंड देशांतल्या बागांमधून आपल्याकडे आला. जमिनीतली गांडुळं खालून वर यावीत, जास्तीचं पाणी मातीत मुरावं, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण जिथे जमिनीत घूस आहे तिथे बिनतळाचा डबा म्हणजे तिच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. म्हणून बागेसाठी कंपोस्टर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते: रंग, आकार, किती दिवसांत खत होतं याची जाहिरात, हे सगळं नंतर. आधी डबा उलटा करा आणि तळ बघा.

त्याच्याही आधी एक काम आहे. आपल्या बागेत नेमकं कोण येतं ते ओळखायचं. सगळ्या उंदरांना आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो, पण डबा निवडताना दोन स्वभाव वेगळे धरावे लागतात. एक खणणारा, एक चढणारा. घूस खणणारी. मोठी घूस किलोभर वजनाची असते, आणि इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ या नावावरून गेला आहे. तिला झाडावर चढण्यात फारसा रस नाही, पण मऊ माती मिळाली की एका रात्रीत ती फूटभर आत जाते. पावसाळ्यात जुन्या बिळांत पाणी भरलं की ती कोरडी, उंचावरची जागा शोधत घराच्या आसपास येते. घरात शिरणारा सडपातळ, लांब शेपटीचा काळा उंदीर मात्र चढणारा. आंब्याच्या फांदीवरून, केबलच्या तारेवरून, पावसाच्या पाण्याच्या पाइपवरून तो गच्चीपर्यंत पोचतो. घुशीची खूण म्हणजे बीळ आणि उकरलेली माती. काळ्या उंदराची खूण म्हणजे झाकणाच्या कडेला दातांचे व्रण आणि भिंतीवर अंग घासून पडलेला तेलकट काळपट पट्टा. तुमची बाग जमिनीवर असेल तर दोघांचा बंदोबस्त हवा. गच्ची किंवा बाल्कनी असेल तर चढणाऱ्याचा पुरतो.

तिसरी आहे चिचुंद्री. लांब निमुळतं नाक, बारीक डोळे, चालताना चिक्‌चिक्‌ आवाज, आणि अंगाला उग्र वास. लोक तिला उंदीर समजून मारतात. ती मुख्यतः झुरळं, किडे, अळ्या खाते. गांडूळखताचा वाफा असेल तर गांडुळंही खाते, तेवढं सांभाळावं. एरवी तिला जाऊ द्यावं.

आता तळ. बाजारातल्या बहुतेक डब्यांना तळ असतो, पण त्यात पाणी निचरायला भोकं असतात, आणि ती कधीकधी बोट जाईल एवढी मोठी असतात. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो. मोजून सांगायचं तर ६ मिलिमीटर. त्यामुळे कुठलंही भोक किंवा फट याहून मोठी असेल तर तिथे जाळी हवी, आणि ती लोखंडी हवी. हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची वेल्डमेश’ मागा. दुकानदार आधी कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी पुढे करील, कारण ती स्वस्त असते आणि हाताने वाकते. ती घेऊ नका. तिची घरं मोठी असतात आणि तार बारीक असते. खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळीही नको, उंदीर ती एका रात्रीत फाडतो. वेल्डमेश घेताना गेज विचारा आणि एक लक्षात ठेवा, गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २० गेजची घेतली तर चांगली; त्याहून बारीक तार खताच्या आंबट पाण्याने लवकर गंजते. कोकणात, खाऱ्या हवेत राहत असाल तर चार पैसे जास्त गेले तरी स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या.

जाळी बसवायची कशी, हे जाळीइतकंच महत्त्वाचं आहे. तळाच्या मापाची कापून नुसती आत टाकली तर कडेने फट राहते आणि उंदराला फट पुरते. तळापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठी कापायची, कडा वर दुमडायच्या, आणि वॉशर घालून नट-बोल्टने डब्याला आवळायच्या. डबा बिनतळाचाच असेल आणि तो टाकून द्यायचा नसेल, तर जमीन सपाट करून त्यावर डब्याच्या घेरापेक्षा फूटभर मोठी जाळी अंथरा, वर डबा ठेवा, बाहेर आलेल्या जाळीवर विटांची एक ओळ लावा. घूस डब्याच्या कडेशीच खणायला सुरुवात करते. तिथे जाळी लागली की ती मागे सरकून नवीन बीळ पाडत बसत नाही. माझा तो जुना डबा अजून याच पद्धतीने चालू आहे, फक्त आता तो भिंतीपासून दीड फूट लांब आहे. उंदीर-घुशी भिंतीच्या कडेकडेने पळतात, मिशा भिंतीला लावून. डबा भिंतीला टेकला की त्यांच्या रस्त्यातच आला. शिवाय मागची जागा आपल्याला दिसत नाही, झाडता येत नाही, आणि बीळ पडल्याचं कळेपर्यंत पिल्लं झालेली असतात.

तळानंतर पाय. आपल्या जुन्या घरांमध्ये धान्याची कणगी दगडांवर उचलून ठेवायचे, जमिनीला लागू द्यायचे नाहीत. नारळाच्या बागेत उंदराने माडावर चढू नये म्हणून खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकतात, त्यावरून त्याची नखं घसरतात. दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये असायचे, मुंग्या येऊ नयेत म्हणून. खताच्या डब्याला या तिन्ही युक्त्या लागू पडतात. लोखंडी स्टँडवर जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवलेल्या डब्याखाली घुशीला घर करता येत नाही आणि खालची जमीन रोज नजरेखाली राहते. स्टँडच्या पायांना पत्र्याचे उलटे शंकू बसवले तर चढणाऱ्यालाही आडकाठी होते. मात्र डब्याला टेकलेली फांदी, लोंबणारी वेल, शेजारची कुंडी नको, नाहीतर तो तिथून उडी मारतो. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात तर पाणी दर चार दिवसांनी बदला किंवा त्यात साबणाचं पाणी घाला. स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाची अंडी आठवड्याभरात डास होऊन उडतात.

झाकण हाताने दाबून बंद होत असेल तर ते उंदरासाठी बंद नाही असं समजा. झाकण किनारीवरून खाली येणारं हवं, आत बसणारं नको; आत बसणाऱ्या झाकणाच्या फटीत त्याला नख आणि दात रोवता येतात. गुळगुळीत सपाट प्लास्टिक उंदराला सहसा कुरतडता येत नाही, त्याला सुरुवात करायला कड लागते. भोकाची कड, पट्टीची कड, दाराची फट. म्हणून डबा घेताना कडा किती आणि कुठे आहेत ते बोटाने चाचपून बघा. बाजू अंगठ्याने जोरात दाबा. आत जात असेल तर प्लास्टिक पातळ आहे, सोडून द्या. महाबळेश्वर-माथेरानसारख्या ठिकाणी, किंवा डोंगराजवळच्या कुठल्याही गावात माकडं येत असतील तर नुसत्या कडीने भागत नाही. कडीत खिटी घाला. पोकळ दुहेरी भिंतीचे डबे ‘उष्णता टिकवतात’ म्हणून विकले जातात. आपल्या हवेत त्याची गरज नाही, आणि त्या पोकळीत झुरळं वस्ती करतात.

हवेची भोकं हवीतच. ती नसली तर आतला कचरा कुजण्याऐवजी सडतो, वास सुटतो आणि वासावर सगळे येतात. पाच मिलिमीटरची पुष्कळ भोकं ही एका मोठ्या भोकापेक्षा केव्हाही चांगली, आणि त्यांच्यावर स्टीलची बारीक जाळी बाहेरच्या बाजूने लावलेली असावी. आतून लावली तर उंदीर बाहेरून भोकाची कड खात बसतो.

इथवर झालं उंदरांचं. माश्यांच्या बाबतीत मात्र कुठलाही डबा शंभर टक्के काम करत नाही. केळीच्या सालीवर, आंब्याच्या कोयीवर चिलटांची अंडी स्वयंपाकघरातच पडलेली असतात. ती आपणच डब्यात नेऊन टाकतो. दहा दिवसांत झाकण उघडलं की ढग उठतो. त्यावर उपाय डब्याचा नाही, पाल्याचा आहे. जेवढा ओला कचरा, त्याच्या दुप्पट आकारमानाचा सुका पाला किंवा लाकडाचा भुसा वर पसरायचा, साल दिसता कामा नये. त्यात अधूनमधून मूठभर निंबोळी पेंड टाकायची. मुंग्या झाल्या तर आत कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. अळ्या झाल्या तर ओल जास्त आहे, भुसा घाला. मूठभर मिश्रण पिळून बघा: एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त.

अळ्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण डब्यात अळ्या बघून खत करणंच सोडून दिलेली माणसं मला माहीत आहेत. पावसाळ्यात एक दिवस झाकण उघडावं आणि आत चपट्या, करड्या-तपकिरी, अंगावर आडव्या खाचा असलेल्या, जवळजवळ इंचभर लांबीच्या अळ्या वळवळत असाव्यात. कान जवळ नेला तर पाऊस पडल्यासारखी बारीक सळसळ ऐकू येते. ती काळ्या सैनिक माशीची अळी. तिची माशी लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण ती चावत नाही आणि आपल्या अन्नावर बसत नाही, कारण मोठेपणी ती काही खातच नाही. या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात आणि त्या असल्या की घरमाशीला तिथे अंडी घालायला फारसा वाव राहत नाही. त्यांना राहू द्या.

वेगळी अळी म्हणजे हुमणी. पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी, पुढे सहा पाय. ती खतातून कुंडीत गेली तर झाडांची मुळं खाते. तशाच आकाराची पण अंगठ्याएवढी जाड अळी दिसली तर ती गेंड्या भुंग्याची असू शकते. हा भुंगा खताच्या खड्ड्यात अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाचा कोवळा कोंब पोखरतो. दारात माड असतील तर खताच्या डब्याचं झाकण आणि त्यावरची जाळी ही तुमच्या माडांचीही राखण आहे, आणि तयार खत वापरण्याआधी चाळून बघणं हा नेम पाळा. अळ्या निघाल्या तर उन्हात पसरा, साळुंक्या आणि कावळे पुढचं काम करतात.

प्रकारांबद्दल माझी मतं सरळ आहेत. स्टँडवर आडवा फिरणारा ड्रम, ज्याला टम्बलर म्हणतात, तो घुशीच्या मुलखात सर्वांत निर्धास्त. चारी बाजूंनी बंद, जमिनीपासून वर. पण भरला की तो जड होतो आणि साठीच्या पुढच्या माणसाला फिरवणं कठीण जातं, म्हणून दोन कप्प्यांचा, लहान घ्या. दुकानातच दार दहा वेळा उघडझाप करून बघा, पहिल्यांदा निकामी होते ती दाराची खिटी. मातीचे एकावर एक ठेवायचे माठ बाल्कनीला उत्तम. माती श्वास घेते, वास येत नाही, आणि भाजलेली माती उंदीर सहसा कुरतडत नाही. त्यांची कमजोरी हलकं झाकण. वर एक वीट ठेवा. जमिनीवरच्या बागेत जागा असेल तर सिमेंटची रिंग, खाली जाळी घालून तीन इंच काँक्रीटचा तळ, निचऱ्याला एक पाइप आणि त्याच्या तोंडाला जाळी, वर लोखंडी चौकटीचं झाकण. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे, आणि एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही. जुना निळा ड्रम घेऊन स्वतः डबा करणार असाल तर त्यात पूर्वी काय होतं ते विचारा. रसायनाचा ड्रम नको.

शिजवलेलं अन्न, मासळीचे काटे, मटणाची हाडं यांसाठी यातलं काहीच वापरू नये असं मी म्हणेन. त्यांना बोकाशी बरी. हवाबंद बादली, कोंड्यात वाढवलेलं विरजण, दोन आठवडे झाकण न उघडता मुरवणं. लोणच्यासारखा आंबूस वास येतो. मग ते मातीत पुरायचं, फूटभर खोल आणि वर जाळी ठेवून, नाहीतर घूस उकरते. विजेच्या यंत्रांतून काही तासांत जी कोरडी भुकटी निघते तिला खत समजून कुंडीत घालू नका. बहुतेक यंत्रं कचरा वाळवून दळतात, कुजवत नाहीत. ओली झाली की तिच्यावर पुन्हा माश्या येतात. तिला आधी पाल्यात मिसळून काही आठवडे मुरू द्यावं लागतं.

माप किती घ्यावं? आमच्याकडे चार माणसांचा भाजीपाल्याचा कचरा रोज पाऊण किलोच्या आसपास निघतो. त्याला साठ-साठ लिटरचे दोन डबे पुरतात. एक भरायचा, एक मुरायला ठेवायचा. एकच मोठा डबा घेतला तर त्यात रोज ताजं अन्न पडत राहतं आणि मुरायला उसंत मिळत नाही. उंदराला आकर्षण ताज्याचंच असतं, मुरलेल्या खताला तो तोंड लावत नाही. सुका पाला मात्र आधीच जमवून ठेवावा लागतो. फेब्रुवारी ते एप्रिलमधली पानगळ पोत्यांत भरून छपराखाली ठेवा, कारण जुलैमध्ये, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा कोरडं पान कुठे मिळत नाही.

डब्यात काय टाकू नये याची लांब यादी पाठ करायची गरज नाही. उंदराच्या पिंजऱ्यात आपण काय लावतो ते आठवा: खोबऱ्याचा तुकडा, भजं, तूप लावलेली पोळी. जे पिंजऱ्यात चालतं ते खताच्या डब्यात टाकायचं नाही. गणपतीत आणि श्रावणात निर्माल्याबरोबर खोबरं आणि प्रसाद नकळत जातो, तेवढं वेचून काढा.

पावसाळ्यात डब्याजवळ काम करताना हातमोजे आणि बूट घाला. उंदराच्या मुतातून ओल्या मातीत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या भेगेतूनही शरीरात शिरतात. खेडेगावात राहत असाल तर खालच्या दारात हात घालण्याआधी काठीने आपटा, उंदरामागे सापही येतो.

आणि एक कळकळीची विनंती. घूस आली म्हणून डब्याशेजारी विषाच्या वड्या ठेवू नका. त्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, आणि त्याला उचलतात मांजरं आणि घुबडं. तेच विष त्यांच्या पोटात जातं. आमच्या गल्लीतल्या जुन्या गुलमोहराच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते, संध्याकाळी दिवे लागले की ती तारेवर येऊन बसते. तुमच्याही आसपास असेल. विषाऐवजी चार फूट वेल्डमेश आणा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत तळाला बसवा.